गळ्यातला इतिहास आणि खिशातले यंत्र

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, विद्यापीठाच्या पाठीमागच्या डोंगरात जी लेणी आहेत, त्यांपैकी सातव्या लेण्यात एक नर्तिका कोरलेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना वाद्ये घेऊन स्त्रिया बसल्या आहेत. चौदाशे वर्षांच्या आसपास हा जलसा चालला आहे, आणि आपल्या कानी त्यातला एक स्वरही पडत नाही. दगडाने बोटे राखली, बटा राखल्या, बैठक राखली. नाद राखणे त्याच्या हाती नव्हते.

तो राखण्याची किमया १८७७ साली एडिसनला साधली. पण यंत्र निघाले म्हणून सगळे गळे राहिले, असे मात्र झाले नाही. कोणाचा आवाज उरावा, हे पुष्कळदा यंत्राच्या सोयीवर ठरले. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान गायली, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे, आणि तासाभराचा राग तीन मिनिटांत आटोपायचा. शेवटी तिने आपले नाव उच्चारले. ध्वनिमुद्रिका जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरी छापायच्या होत्या. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे, म्हणून ही युक्ती.

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली. ध्वनिमुद्रिकांचा जमाना दोघांनी पाहिला, पण दोघांचेही गाणे आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानातून आकाशात गेली. गुरूचा आवाज घरात उरला नाही आणि शिष्येचा सूर्यमालेबाहेर पोचला, असा हा नशिबाचा खेळ!

ही झाली नामवंतांची कथा. ज्यांच्याकडे कोणतीच कंपनी फिरकली नाही, त्यांचे काय? पहाटे जात्यावर बसून ओवी रचणाऱ्या बाईला श्रोता होता तो जात्याचाच. आमच्या पाणचक्कीत पाण्याच्या जोरावर दळण निघे. त्या पिठामागे ओवी नव्हती. पुढे गावोगाव विजेच्या गिरण्या आल्या आणि घरोघरची ओवीही थांबू लागली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी ही निकड ओळखली. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखाच्या घरात ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपून घेतल्या. आधी कागदावर; पुढे १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी डॅट नावाच्या अंकीय टेपवर शंभराहून अधिक तास प्रत्यक्ष आवाज धरला. शब्द वहीत मावतात; चाल, दम आणि मधला उसासा वहीत मावत नाही.

यंदा हा प्रश्न आमच्याच घरी आला. माझ्या आत्याबाई ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या ओव्या आणि भाच्याचा तंबोरा, दोन्ही टिपावे असे मनात आले, आणि कमी खर्चातले यंत्र मी शोधू लागलो. ‘खिशात फोन असता वेगळे यंत्र कशाला?’ असे भाचा म्हणालाच. पण बोलणे स्वच्छ उमटावे म्हणून फोन पुष्कळदा मागचा अखंड आवाज गोंगाट समजून दाबतो. आता तंबोरा काय आणि जाते काय, अखंड घुमणे हाच त्यांचा धर्म! तोच गेला तर उरले काय?

हाती मावणाऱ्या स्वस्त यंत्रांत झूम कंपनीचे एच-१ आणि टास्कॅमचे डीआर-०५ या जातीची यंत्रे माझ्या पाहण्यात आली. पहिल्याचे दोन कान एकमेकांना काटकोनात असतात, त्यामुळे समोरचे गाणे नेमके येते. दुसऱ्याचे कान चहूकडचे ऐकतात. खोली शांत असेल तर बरे, रस्त्यावर घर असेल तर रिक्षाही मैफलीत येऊन बसते. आमचे घर रस्त्यावर, म्हणून मी पहिले घेतले.

परंतु खरी गोम यंत्रापेक्षा ते वापरण्यात आहे. आवाज आपोआप लहानमोठा करणारी सोय बंद ठेवावी. नाहीतर बाई श्वास घ्यायला थांबली की पंख्याची घरघर वर येते. पंखाही बंदच करावा. यंत्र गाणाऱ्यापासून दीड-दोन हातांवर, घडी केलेल्या टॉवेलावर ठेवावे. एमपी-थ्री न करता ‘वेव्ह’ प्रकारात टिपावे. तासाला साधारण सहाशे मेगाबाइट जागा लागते, म्हणजे बत्तीस गिगाबाइटच्या कार्डात पन्नास तास सहज बसतात. गौहरजानला मिळाली तीन मिनिटे!

तेव्हा वाचकहो, आज अडचण यंत्राची उरलेली नाही. अडचण आहे ती आपल्या ‘पुढच्या वर्षी बघू’ या म्हणण्याची. दिवाळीला घर भरलेले असते, फराळानंतर वडीलधारी मंडळी खुशीत असतात. तेवढी वेळ साधावी. आणि गाणे संपले की गाणारीला तिचे नाव, गाव आणि तिथी तिच्याच तोंडून सांगायला लावावे. नाव नसलेला आवाज नातवंडांना ओळखता येणार नाही.