फिटच्या गोळीचा इतिहास : प्रत्येक नियमामागे एक कारण आहे

फिट, फेफरे, मिरगी, अपस्मार. नावे वेगवेगळी असली तरी आजार एकच. रेणापूर परिसरात ज्या घरात या आजाराचा रुग्ण आहे, त्या घरात एक प्रश्न कधी ना कधी निघतोच : "वर्ष झालं, एकही फिट नाही. आता गोळी बंद केली तर चालेल का?"

याचे उत्तर एका वाक्यात देता येते : स्वतःच्या मनाने बंद करू नका. पण नुसते 'नको' म्हटले की माणूस ऐकतोच असे नाही. कारण पटले की ऐकतो. म्हणून आज या गोळ्यांचा इतिहास सांगतो. डॉक्टर जे नियम सांगतात, त्यातले बरेचसे कोणाच्या तरी त्रासातून शिकलेले आहेत.

कांद्याला मिळालेले श्रेय

फिट हा आजार आहे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत अपस्मारावर निदानस्थानात एक आणि चिकित्सास्थानात एक असे स्वतंत्र अध्याय आहेत. तरीही आजसुद्धा कोणाला फिट आली की कोणी कांदा फोडतो, कोणी चप्पल हुंगवतो. थोड्या वेळात फिट थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते. खरे तर बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा नसता तरी ती थांबलीच असती.

गुण देणारे पहिले आधुनिक औषध मिळाले ते १८५७ साली. लंडनचे डॉ. चार्ल्स लोकॉक हे राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ. मासिक पाळीच्या सुमारास फिट येणाऱ्या पंधरा स्त्रियांना आपण पोटॅशियम ब्रोमाइड दिले आणि त्यांतल्या चौदा जणींना फायदा झाला, असे त्यांनी एका वैद्यकीय सभेत सांगितले. पुढे अनेक वर्षे ब्रोमाइड हाच आधार होता. पण ते शरीरात साठत जाई. अंगावर पुरळ, सतत गुंगी, विसराळूपणा, कधी भ्रम. फिट थांबली, पण माणूस झोपेतच राहिला.

ब्रेक एकदम सोडू नका

१९१२ साली जर्मनीतले एक तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटोन हे झोपेचे औषध फिटच्या रुग्णांना दिले आणि फिट कमी झाल्याचे त्यांना दिसले. आपल्याकडे गार्डिनल या नावाने जुन्या लोकांना ठाऊक असलेली गोळी ती हीच. शंभर वर्षांहून जास्त काळ झाला, तरी स्वस्त आणि गुणकारी म्हणून ती अजून वापरात आहे.

या गोळीने डॉक्टरांना एक मोठा धडा दिला. ती चालू असताना रुग्ण ठीक असे, पण एकदम बंद केली की फिट परत येत, आणि कधी कधी पूर्वीपेक्षा जोराने. असे का होते? मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेचे बारीक संदेश देत असतात. फिटमध्ये हे संदेश एकाच वेळी बेसुमार सुटतात. गोळी त्यांच्यावर ब्रेक धरून ठेवते आणि मेंदूला त्या ब्रेकची सवय होते. भरलेली ट्रॉली उतारावर असताना ब्रेक एकदम सोडला तर काय होईल, तेच इथे होते. एकामागून एक फिट येत राहतात आणि मधे शुद्धच येत नाही. ही अवस्था जिवावर बेतू शकते.

मग गोळी कधीच बंद होत नाही का? होते. १९९१ साली ब्रिटनमध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. किमान दोन वर्षे फिट न आलेल्या १,०१३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने गोळ्या चालू ठेवल्या, तर दुसऱ्याच्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. पुढच्या दोन वर्षांत गोळ्या चालू असलेल्यांपैकी १०० पैकी ७८ जण फिटमुक्त राहिले. बंद केलेल्यांपैकी ५९. म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सावकाश बंद करूनही धोका वाढला. पण हेही लक्षात घ्या, की निम्म्याहून जास्त लोकांना गोळीशिवाय फिट आली नाही. तुम्ही कोणत्या गटात बसता, हे फिटचा प्रकार, ईईजी, मेंदूचा फोटो यांवरून डॉक्टर ठरवतात. ते घरी बसून ठरवता येत नाही.

तीच गोळी, तेवढीच मात्रा, तरी चक्कर

१९३८ साली बोस्टनमध्ये मेरिट आणि पटनम या दोन डॉक्टरांनी फेनिटॉइन आणले. त्यांनी आधी मांजरांवर प्रयोग करून औषधे पारखली होती. झोप न आणताही फिट थांबवता येते, हे या औषधाने दाखवले. रेणापूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आज एप्टॉइनसारख्या नावांनी तीच गोळी आपल्या प्रत्येक मेडिकलमध्ये असते.

फेनिटॉइनचा एक स्वभाव ओळखून राहा. ठराविक प्रमाणापर्यंत यकृत ते नीट पचवते. त्यापुढे यकृताची ताकद संपते आणि मात्रा थोडीशी वाढवली तरी रक्तातले प्रमाण एकदम चढते. मग डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसतात, तोल जातो, बोलणे जड होते. बघणाऱ्याला वाटते, दारू प्यायला आहे.

१९६८ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात अशी लक्षणे असलेले बरेच रुग्ण डॉक्टरांकडे येऊ लागले. कोणीही मात्रा वाढवली नव्हती. शोध घेतल्यावर कळले, की कंपनीने कॅप्सूलमध्ये औषधाबरोबर भरायची पूड बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट होते, नंतर लॅक्टोज आले. कॅल्शियम सल्फेटमुळे काही औषध अंगी न लागता वाया जात होते. लॅक्टोजमुळे ते जास्त प्रमाणात रक्तात गेले. औषध तेच, मिलिग्रॅम तेवढेच, पण माणसे आजारी पडली.

याचा अर्थ जेनेरिक गोळी वाईट असा मुळीच नाही. अर्थ एवढाच, की एकदा ज्या कंपनीची गोळी लागू पडली, ती शक्यतो तीच ठेवा. "ती नाही, ही घ्या, सेमच आहे" असे दुकानदाराने सांगितले तर डॉक्टरांना एक फोन करा. पाकीट बदलल्यावर फिट आली किंवा चक्कर येऊ लागली, तर दोन्ही पाकिटे घेऊन दाखवायला या.

अंगावर पुरळ उठले तर

कार्बामाझेपिन हे औषध १९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये गायगी कंपनीत तयार झाले. चांगले औषध आहे. पण थोड्या लोकांना त्याने त्वचेची भयंकर रिॲक्शन येते : ताप, अंगभर पुरळ, फोड, तोंड आणि डोळे सोलल्यासारखे होणे. २००४ साली तैवानच्या संशोधकांनी दाखवले, की विशिष्ट आनुवंशिक खूण असलेल्या लोकांत हा धोका फार जास्त असतो. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि लॅमोट्रिजिन यांनीही अशी रिॲक्शन येऊ शकते. ती बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच येते.

एकदम बंद करू नका, या नियमाला अपवाद इथेच आहे. नवीन गोळी सुरू केल्यावर पुरळ उठले, तर "उष्णता झाली" म्हणून थांबू नका. पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ते ती थांबवून दुसरे औषध सुरू करतील.

लपवलेली गोळी

आता आपल्या समाजातला सर्वांत नाजूक भाग. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि लग्नाच्या अटींमध्ये वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्माराचे नाव बसवले गेले. अशा व्यक्तीचे लग्न न्यायालयात जाऊन रद्द करून घेता येत असे. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने याविरुद्ध पाठपुरावा केला आणि १९९९ साली संसदेने 'अपस्मार' हा शब्द कायद्यातून काढला. मधली २३ वर्षे मुलीच्या आईवडिलांना एकच मार्ग दिसत होता : लपवा.

कायदा बदलला, पण सवय राहिली. मुलगी सासरी जाते, गोळ्यांची पाकिटे माहेरीच राहतात. किंवा ती गुपचूप, कधी मिळाली तर घेते. पंधरा दिवसांत फिट येते आणि लपवलेले उघड होतेच, शिवाय जीव धोक्यात जातो. लग्नाआधी सांगितल्याने एखादे स्थळ मोडेलही. पण गोळी बंद केल्याने मुलगी जाऊ शकते.

यात आणखी एक गोष्ट आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध १९६२ साली फ्रान्समध्ये योगायोगाने सापडले. दुसरी रसायने विरघळवण्यासाठी वापरलेला द्रवच गुणकारी निघाला. पुढे १९८२ साली फ्रान्समधल्याच लिऑनच्या संशोधकांच्या लक्षात आले, की गरोदरपणात हे औषध घेतलेल्या आईच्या बाळांत पाठीच्या कण्याचे व्यंग जास्त दिसते. आज आपल्याला माहीत आहे, की अशा १०० बाळांपैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग असते. एरवी हे प्रमाण दोन-तीन असते. यातल्या अनेक मुलांची बोलण्या-शिकण्याची वाढही मागे पडते.

म्हणून लग्न ठरले की, दिवस जाण्याच्या आधी, डॉक्टरांकडे या. गोळी बदलता येते, फोलिक ॲसिड सुरू करता येते. दिवस गेल्याचे कळल्यावर घाबरून गोळी बंद करणे हा सर्वांत वाईट पर्याय. जोराची फिट आई आणि बाळ दोघांनाही धोक्याची असते.

आपल्या भागासाठी काही गोष्टी

नवरात्रात रेणुकामातेचे कडक उपवास असतात. उपवास करायचाच असेल तर गोळी आणि पाणी सोडू नका. औषधाने उपवास मोडत नाही. जागरण मात्र टाळा. अपुरी झोप हे फिट येण्याचे मोठे कारण आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी पुरेशा गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्यावी. गोळ्या संपल्यावर तिथल्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवली की औषध चालू राहते.

क्षयरोगाची औषधे सुरू होत असतील तर फिटच्या गोळीबद्दल आवर्जून सांगा. रिफॅम्पिसिन काही गोळ्यांचा परिणाम कमी करते, आयसोनियाझिड फेनिटॉइनचे प्रमाण वाढवते. संततिनियमनाची गोळी घेणाऱ्यांनीही सांगावे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन तिचा परिणाम कमी करतात.

एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका. दारू टाळा. फिट पूर्ण आटोक्यात येईपर्यंत विहिरीत पोहणे, गाडी चालवणे, उंचावर चढणे थांबवा.

कोणाला फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

तेव्हा, वर्षभर फिट आली नाही याचा अर्थ बहुतेक वेळा गोळी तिचे काम करते आहे. ती कमी करावी असे वाटत असेल तर जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे. फक्त विचारा आधी आणि कमी करा नंतर.