बाप्तिस्मा
बाप्तिस्मा : पाण्याने करावयाचा ख्रिस्ती धर्मातील प्रवेशसंस्कार. कॅथलिक परिभाषेत यास ‘स्नानसंस्कार’ असेही म्हणतात. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘बुडविणे’ असा आहे. शुद्धीसाठी जलस्नान करण्याची प्रथा ज्यू लोकांत पूर्वीपासून होती. तथापि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने यार्देन नदीत दिलेला बाप्तिस्मा हा पश्चात्तापाचे चिन्ह होता. येशूने स्वतः तो घेतला आणि मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तो सर्व राष्ट्रांना देण्याची आज्ञा शिष्यांना केली. पाण्यात उतरणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे व पुरले जाणे आणि पाण्यातून वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर उठणे, असा अर्थ पौलाने रोमकरांस पत्रात लावला आहे. त्यामुळे हे पापक्षालन असले, तरी केवळ स्नान नव्हे. हिंदूंच्या तीर्थस्नानाशी त्याची तुलना केली जाते. परंतु तीर्थस्नान कितीही वेळा करता येते, बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच.

‘डिडाखे’ या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथात वाहते पाणी श्रेयस्कर मानले असून, पुरेसे पाणी नसल्यास मस्तकावर तीनदा ओतावे, अशी सूट दिली आहे. बुडविणे, ओतणे व शिंपडणे या तिन्ही रीती पुढे रूढ झाल्या. अधिक कटू वाद उपजला तो बालकांच्या बाप्तिस्म्यावरून. टर्टुलियनचा त्यास विरोध होता. ऑगस्टीनने आदिपापाच्या सिद्धांताने त्याचे समर्थन केले. १५२५ मध्ये झुरिक येथे काही सुधारकांनी प्रौढांस पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांपैकी फेलिक्स मान्झ यास १५२७ मध्ये नदीत बुडवून मारण्यात आले.

महाराष्ट्रात हा संस्कार दोन वेगळ्या वाटांनी आला. वसईचा प्रदेश १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेल्यानंतर तेथे बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज नावे व आडनावेही आली. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनांच्या काळी मात्र बाबा पदमनजी (१८३१–१९०६) किंवा नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची नावे कायम राहिली. नाव न बदलताही समाज बदलत असे, हे त्या काळाचे वैशिष्ट्य होय. ख्रिस्ताची शिकवण वाचणे, मिशनच्या शाळेत शिकणे, पाद्र्यांशी वाद घालणे हे सारे चालून जाई. मस्तकावर पाणी पडताच माणूस जातीबाहेर होई. १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांनी धनजीभाई नवरोजी व होर्मसजी पेस्तनजी या पारशी तरुणांस बाप्तिस्मा दिला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत यास न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. परंतु मिशनरींच्या घरी राहिलेल्या मुलास जातीत परत घ्यावे की नाही, यावरून ब्राह्मणवर्गात मोठे वादळ उठले. प्रायश्चित्त देऊन त्यास घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकर यांनी धरला. धर्मांतरामुळे वारसाहक्क नष्ट होऊ नये, यासाठी १८५० चा एकविसावा कायदा झाला. घरातील जागा कायद्याने थोडीच परत मिळते!

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तो अँग्लिकन चर्चमध्ये झाला असला, तरी आपण ख्रिस्ताच्या व्यापक मंडळीत आलो आहोत, धर्माधिकाऱ्यांच्या प्रत्येक शब्दाने बांधले गेलेलो नाही, असे त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात ठामपणे मांडले. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म प्रथम मिळाला आणि स्वतः ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी, असेही त्यांनी पुढे लिहिले. संस्कार व आंतरिक पुनर्जन्म एकाच क्षणी घडतात काय, या जुन्या प्रश्नावरील मराठी व्यक्तीची ही सर्वांत प्रामाणिक साक्ष म्हणावी लागेल.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत एतद्देशीय धर्मगुरूच्या हातून बाप्तिस्मा घेतला. पाश्चात्त्य मिशनरीच्या हातून तो घ्यावयाचा नाही, हा त्यांचा आग्रह अर्थपूर्ण होता. त्यानंतरच्या वियोगाचा वृत्तांत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, कालांतराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान होते. पाण्याने आखली गेलेली सामाजिक सीमा पुसण्याचा तो यत्न होता. टिळकांच्या निधनामुळे तो अल्पजीवी ठरला.

ही सीमा आजही केवळ धर्मशास्त्राची नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र वगळलेलेच आहेत. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दलित ख्रिस्ती कुटुंबांच्या दृष्टीने बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील एक ओळ म्हणूनच जड असते. याच जिल्ह्यात काम करणारी मुक्तिफौज जलबाप्तिस्मा मुळीच देत नाही, हेही येथे नमूद करावयास हवे.

नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चने बालबाप्तिस्मा व विश्वास कबूल केल्यानंतरचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती पर्याय म्हणून स्वीकारल्या. बॅप्टिस्ट मंडळ्यांसह ऐक्य त्यामुळेच शक्य झाले. कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर या औद्योगिक पट्ट्यात नोकरीनिमित्त केरळीय ख्रिस्ती येऊन राहिले. सीरो-मलबार पंथीयांसाठी १९८८ मध्ये कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. पौर्वात्य परंपरेत बाप्तिस्म्यालगतच पवित्र तेलाचा अभ्यंग करतात. लॅटिन विधीत बालकास तो दृढीकरणाचा संस्कार बहुधा काही वर्षांनी मिळतो.