देव किती?

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनाजवळच्या डोंगरात कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे दूरदूरचे गोंड बांधव लोटतात. गुहेत कोंडलेल्या पूर्वजांना लिंगोने सोडवले आणि त्यांचे सगे लावून दिले, अशी त्यांची श्रद्धा. कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा, सात देवांचे. सोयरिकीआधी विचारायचे ते हेच: तुमचे देव किती? आकडा सारखा निघाला, की बोलणे तिथेच थांबले.

नियम मोठा शहाणपणाचा. पण सगा बापाकडून मोजतात, आणि रक्ताचे गुण येतात दोघांकडून. म्हणून मामाची मुलगी वेगळ्या सगातली ठरते. आणि नाते मुळीच नसले, तरी एक दोष दोन्ही घरांत असू शकतो. तो म्हणजे सिकलसेल.

यात रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. हाडे ठणकतात, अंगातले रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात. घरचे म्हणतात, वात आहे! १९१० साली शिकागोच्या हेरिक या डॉक्टरांनी अशा पेशींचे पहिले वर्णन छापले. आपल्याकडे १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत त्या सापडल्या. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद 'लॅन्सेट'मध्ये दिली. विदर्भातल्या इतरही पुष्कळ समाजांत हा आजार आहे; तो एकट्या गोंडांचा नव्हे.

मग हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? १९५४ साली अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले, की दोष एकाच बाजूने आला तर माणूस धडधाकट राहतो, शिवाय जीवघेण्या हिवतापापासून बराच वाचतो. रानातल्या मुलखात हे केवढे संरक्षण! त्याची किंमत मात्र पुढच्या पिढीने मोजली. आईबाप दोघेही असे वाहक असले, तर दर खेपेला चारात एक शक्यता मूल आजारी निघण्याची.

पूर्वी अशी पुष्कळ मुले लहानपणीच दगावत. आता आजार लवकर कळला, लसी आणि पेनिसिलिन वेळेवर मिळाले, तर ती मोठी होतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध रोज घेतल्याने वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ साली सिद्ध झाले. २०२३ च्या जुलैत देशभर तपासणीची मोहीम सुरू झाली. बोटातून थेंबभर रक्त काढतात, आणि कोण वाहक ते कार्डावर लिहून देतात.

वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे गुरुजींनी वर्गात जरूर सांगावे. नाहीतर पोरींची लग्ने मोडतात. सोयरिकीच्या बैठकीत देव विचारून झाले, की दोन्हीकडची कार्डेही तिथेच काढावीत.