चार योगी, एक आलेख आणि पुढची चाळीस वर्षे

‘ध्यानाने मनःस्वास्थ्य सुधारते हे विज्ञानाने सिद्ध केले आहे’ हे वाक्य आज सर्रास ऐकू येते. या दाव्याचा भारतातील एक महत्त्वाचा धागा दिल्लीच्या एम्सपर्यंत जातो आणि तो मुळापासून पाहण्याजोगा आहे.

१९६१ साली बाळकृष्ण आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आनंद हे कोणी भाविक प्रचारक नव्हते. भुकेचे नियंत्रण करणारे केंद्र मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात असल्याचे त्यांनी १९५१ मध्ये येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्यासमवेत दाखवून दिले होते. एम्समधील शरीरक्रियाशास्त्र विभागाची उभारणीही त्यांचीच.

प्रयोग साधा होता. शांत, मिटल्या डोळ्यांच्या माणसाच्या आलेखात सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लहर दिसते. प्रखर प्रकाश पडला वा मोठा आवाज झाला की ती मोडते. चार योग्यांच्या ध्यानावस्थेत ही लहर अखंड राहिली आणि तिचा आयामही वाढला. त्यांपैकी ज्या दोघांवर प्रकाश, ठोक्यांचा आवाज, गरम काचनळीचा स्पर्श यांचा मारा केला, त्यांची लहर एरवी मोडत असे. ध्यानात ती मोडली नाही. अन्य दोन योग्यांनी ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटे हात बुडवून ठेवला. बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटे बोटे ठेवून पाहिलेल्या कोणालाही याचे मोल कळेल.

पण मला या संशोधकांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. योगी हृदय थांबवू शकतात, असा दावा तेव्हा केला जाई. अमेरिकेतून आलेले वेंगर आणि बागची यांच्यासह आनंद यांनी चार जणांची तपासणी केली. हृदय कोणाचेच थांबले नाही. तिघे जण श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू आवळत. त्यामुळे छातीच्या पोकळीतील दाब वाढतो, शिरांतून हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि नाडी हाताला लागेनाशी होते. विद्युत्‌आलेख मात्र हृदय धडधडत असल्याचे निमूटपणे नोंदवत राहतो. चौथ्याने ठोके खरोखरच लक्षणीय मंद केले, तेही त्यांनी तितक्याच प्रामाणिकपणे लिहिले. श्रद्धा दुखावेल म्हणून निष्कर्ष दडवला नाही, की पाश्चात्त्यांना रुचेल म्हणून उपहासही केला नाही.

१९६६ मध्ये जपानच्या कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांवर असाच प्रयोग केला, आणि निष्कर्ष उलटा आला. सामान्य माणूस पुनःपुन्हा होणाऱ्या आवाजाला सरावतो. झेन गुरू सरावत नव्हते, प्रत्येक ‘टिक’ला त्यांचा मेंदू नव्याने प्रतिसाद देत होता. योगी जगापासून दार बंद करतो, झेन साधक ते सताड उघडे ठेवतो, अशी मोहक मांडणी पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. १९८१ साली बेकर आणि शपिरो यांनी दोन्ही परंपरांच्या साधकांवर तोच प्रयोग काटेकोरपणे केला, तेव्हा गटागटांत फरक सापडला नाही. मोजक्या व्यक्तींवरून संपूर्ण परंपरेविषयी विधान करण्याचा हा धोका भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळा समजावून सांगायला नको.

शिवाय, अल्फा लहर टिकली म्हणून नैराश्य ओसरते, असे कोठे ठरले होते? रुग्णाला बरे वाटते का, हा प्रश्न निराळाच. तो मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी १९६०च्या दशकात हाती घेतला. पतंजलींच्या संकल्पनांवर त्यांनी उपचारपद्धती बेतली आणि तुलनेसाठी दुसरा गट ठेवला: त्या गटाला आसने व श्वसन तेवढे शिकवले, एकाग्रतेचा मानसिक भाग वगळला. पूर्ण उपचार घेणाऱ्यांत सुधारणा अधिक आढळली. आजच्या कसोट्यांवर त्या अभ्यासात उणिवा निघतील. तरीही ‘नेमके काय उपयोगी पडते?’ हा प्रश्न त्यांनी विचारला, याची दखल आपल्याकडे फारच कमी घेतली गेली.

१९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सजगतेवर आधारित कार्यक्रम सुरू केला, तो बव्हंशी बौद्ध साधनेतून घडला होता. त्याच्याच आधारे टिसडेल, सेगल, विल्यम्स आदींनी नैराश्यातून सावरलेल्या १४५ जणांची चाचणी घेऊन २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना पूर्वी तीन वा अधिक वेळा नैराश्याने ग्रासले होते, त्यांच्यात नैराश्य परतण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत ६६ टक्के, तर सजगतेच्या जोडीने ३७ टक्के होते. केवळ दोनदा ग्रासलेल्यांना मात्र या पद्धतीचा काहीच लाभ दिसला नाही, आणि हे त्यांनी निबंधाच्या सारांशातच नोंदवले.