नदी निर्मळ झाली, चुली मात्र हलल्या

सिंगापूर नदीची लांबी सुमारे ३ किलोमीटर. परंतु १८१९ साली इंग्रजांनी तिच्या मुखाशी ठाणे वसविल्यापासून दीड शतकाहून अधिक काळ त्या बेटाचा मोठा व्यापार या चिंचोळ्या पाण्यावरूनच चालला. समुद्रात नांगरलेल्या जहाजांतील माल पडावांत उतरवावयाचा आणि काठावरच्या गोदामांत चढवावयाचा, हा तेथील नित्यक्रम. प्रारंभी पडावांवर तामिळ मुसलमान असत. पुढे ते काम होक्कियन व तिओच्यू या चिनी समाजांकडे गेले.

श्रमणाऱ्या माणसाची भूक हीच त्या काठावरील पाककलेची जननी होय. तिओच्यू मंडळींची तांदळाची पेज, सोबत खारवलेली भाजी वा वाफवलेली मासळी, हे अन्न आमच्या वाचकांना परके वाटू नये. डुकराच्या बरगड्या लसूण व मिरी घालून उकळलेला ‘बाक कुत ते’ हा रस्सा हमालांची न्याहरी होती, असे परंपरा सांगते. नावाचा अर्थ ‘मांस-हाडांचा चहा’. भात व कडक चहा यांच्या संगतीने तो घ्यावयाचा.

या रुचकर अन्नाची एक काळी बाजूही होती. रस्त्यावरच्या विक्रेत्यांना नळाचे पाणी नव्हते. खरकटे, तेलकट पाणी आणि मांसाचे अवशेष गटारांतून नदीत जात. वरच्या अंगाला असलेल्या डुकरांच्या व बदकांच्या गोठ्यांची घाण त्यात मिसळे. जी नदी लोकांना अन्न मिळवून देत होती, तीच त्या अन्नाच्या उष्ट्याने सडत होती.

१९७७ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत सिंगापूर व कालांग या नद्यांत मासेमारी व्हावी, असे उद्दिष्ट जाहीरपणे ठेवले. त्यानंतर जे घडले त्याला केवळ सफाई म्हणणे अपुरे ठरेल. सुमारे २६,००० कुटुंबांचे पुनर्वसन झाले. ६१० वराहपालन केंद्रे व सुमारे ५०० बदकपालन केंद्रे हलविण्यात आली. जवळपास ५,००० विक्रेते छप्पर, नळ व गटार असलेल्या खाद्यकेंद्रांत गेले. १९८३ साली सुमारे ८०० पडाव पासिर पांजांग येथे धाडण्यात आले. १९८७ साली मोहीम पूर्ण झाली आणि नदीत मासे परतले.

परंतु पडावांबरोबर हमाल गेले आणि हमालांबरोबर त्यांचे जेवण गेले. मोकळ्या पडलेल्या गोदामांचे आता करावयाचे काय? १९८९ साली बोट की व क्लार्क की हे धक्के वारसा-क्षेत्रे म्हणून घोषित झाले, आणि जुन्या इमारतींत उपाहारगृहे व मद्यालये थाटली गेली. १९९३ साली क्लार्क की नव्या रूपात खुला झाला. जेथे हमाल उकिडवे बसून पेज पीत, तेथे बँकांतील अधिकारी व पर्यटक मेणबत्तीच्या उजेडात जेवू लागले. काठ तोच, पण ताट आणि पंगत दोन्ही बदलली.

मग काय अधिक चांगले झाले? आमच्या मते उत्तर सरळ नाही. विक्रेत्यांना देशोधडीला लावण्यात आले नाही, हे मान्य केलेच पाहिजे. त्यांना गाळे मिळाले, स्वच्छ पाणी मिळाले, आणि सामान्य माणसाचे स्वस्त जेवण टिकले. २०२० साली युनेस्कोने सिंगापूरच्या या खाद्यसंस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. नदीने नाकारलेल्या अन्नाला जगाने असा मान दिला. २००८ साली मुखाशी बांधलेल्या मरीना बंधाऱ्यामुळे नदीचे पाणी शहराच्या पिण्याच्या साठ्यात मोलाची भर घालू लागले, हा लाभही थोडा नव्हे.

तरीही एक नाते तुटले. अन्न वाचले, पण नदीकाठच्या कष्टातून त्याला आलेली चव तेथे राहिली नाही. नदीचा विकास करू इच्छिणाऱ्यांनी पाणी किती निर्मळ झाले हे जसे मोजावे, तसेच त्या काठावर उद्या कोणाला परवडेल असे जेवण मिळणार, हेही आधी विचारावे. काठ सुंदर करताना तेथल्या गरिबाचे ताट उचलून ठेवायला दुसरी जागा शोधली नाही, तर ती सुंदरता आम्हांस अपुरीच वाटेल.