एका पौंडाची गाडी

फॉर्म्युला वनच्या शौकिनांत ब्रॉन जीपीचा किस्सा मोठ्या आवडीने सांगितला जातो. २००९ साली एका माणसाने अख्खा संघ एका पौंडात विकत घेतला आणि त्याच वर्षी जगज्जेतेपद मिळवले! किस्सा खोटा नाही. पण भाषा शिकवणाऱ्याला एक खोड असते, वाक्यातला कर्ता आधी शोधायचा. 'गाडी जिंकली' म्हणताना ती बनवली कोणी, हे या किश्शात सहसा येत नाही.

गाडीचे नाव बीजीपी ००१. तिचा जन्म होंडाच्या घरचा. इंग्लंडमधल्या ब्रॅकली गावी होंडाचा संघ होता आणि २००८मध्ये त्याची अवस्था केविलवाणी होती: वर्षभरात १४ गुण आणि नववा क्रमांक. फेरारीत शूमाकरच्या विजेतेपदांमागे ज्याचे डोके होते, तो रॉस ब्रॉन तेव्हा या संघाचा प्रमुख होता. २००९पासून नियम मुळापासून बदलणार होते. चालू वर्षाची गाडी सुधारण्यात वेळ घालवायचा नाही, सगळी ताकद पुढच्या गाडीवर लावायची, असे त्याने ठरवले. म्हणजे २००८ची ती नामुष्की बऱ्याच अंशी जाणूनबुजून पत्करलेली होती. इंग्लंडमध्ये आणि जपानमध्येही विंड टनेलमध्ये नव्या गाडीच्या चाचण्या चालू राहिल्या. पैसा होंडाचा होता, आणि तो थोडाथोडका नव्हता.

तेवढ्यात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, जगभर मोटारींचा खप कोसळला आणि ५ डिसेंबर २००८ रोजी होंडाने फॉर्म्युला वन सोडत असल्याचे जाहीर केले. सातशेच्या आसपास माणसे, जवळजवळ तयार गाडी आणि इंजिन नाही! तीन महिने अधांतरी गेले. शेवटी मार्चच्या सुरुवातीला ब्रॉन आणि सहकाऱ्यांनी संघ नाममात्र एका पौंडात घेतला. पहिल्या वर्षाच्या खर्चाचा मोठा वाटाही होंडानेच उचलला, कारण संघ बंद करायलाही पैसे लागलेच असते.

इंजिन मिळाले मर्सिडीजचे. पण गाडी होंडाच्या इंजिनाच्या मापाने बेतलेली. मर्सिडीजचे इंजिन बसवण्यासाठी चेसिसचा मागचा भाग अक्षरशः कापावा लागला. अशी तडजोड केलेली गाडी जिंकते, याचे श्रेय अनेकजण इंजिनाला देतात. मला ते पटत नाही. तेच इंजिन मॅकलारेनकडे आणि आपल्या फोर्स इंडियाकडेही होते आणि हंगामाच्या सुरुवातीला दोघेही चाचपडत होते.

खरी करामत तळाशी होती. गाडीच्या मागच्या टोकाला खालच्या बाजूने डिफ्युझर नावाचा, वर चढत जाणारा भाग असतो. गाडीखालची हवा त्यातून पसरत बाहेर पडते, तळाखालचा दाब घटतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. नव्या नियमांनी हा भाग लहान केला होता. ब्रॅकलीच्या अभियंत्यांनी नियमांच्या शब्दांत फट शोधली आणि हवेला वरच्या मजल्यावरूनही वाट करून दिली. म्हणून तो 'दुहेरी डिफ्युझर'. टोयोटा आणि विल्यम्स यांनाही ही फट सापडली होती. इतर संघांनी तक्रार केली, पण एप्रिलच्या मध्यास अपील न्यायालयाने रचना नियमात बसते असा निवाडा दिला.

तोवर मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत जेन्सन बटन पहिला आणि रुबेन्स बॅरिकेलो दुसरा आला होता. पांढऱ्याशुभ्र गाडीवर जाहिराती जवळजवळ नव्हत्याच. पहिल्या सातपैकी सहा शर्यती बटनने जिंकल्या. (त्यातल्या बहरीनमध्ये शॅम्पेन उडवत नाहीत, तिथे गुलाबपाण्याचे पेय असते.)

आणि हंगाम सुरू होत असतानाच संघाने सुमारे २७० जणांच्या कपातीची घोषणा केली. पगार परवडत नव्हते. बटननेही आपले मानधन बरेच कमी करून घेतले होते, पण ड्रायव्हरचे मानधन घटणे आणि कामगाराची नोकरी जाणे यांना एकाच तराजूत तोलता येत नाही. ज्यांनी पंधरा महिने राबून ही गाडी घडवली, त्यांतल्या कितीतरी जणांना तिचा हंगाम बाहेरूनच पाहावा लागला. ब्रॉनने कपात केली नसती तर सगळेच बुडाले असते, हेही खरे. पण मग किस्सा सांगताना तो आकडाही सांगावा.

जूननंतर कमी पैशांचा परिणाम दिसू लागला. रेड बुल सुधारत गेली, बटनला पुढे एकही शर्यत जिंकता आली नाही. बॅरिकेलोने व्हॅलेन्सिया आणि मोन्झा जिंकून संघाला सावरले. १८ ऑक्टोबरला ब्राझीलमध्ये बटन चौदाव्या जागेवरून निघाला, एकेकाला मागे टाकत पाचवा आला आणि तिथेच त्याचे व संघाचे विजेतेपद पक्के झाले. सुरुवातीला साठवलेली पुंजी शेवटपर्यंत पुरली.

नोव्हेंबरमध्ये मर्सिडीजने अबू धाबीच्या एका गुंतवणूक कंपनीसोबत संघातला मोठा हिस्सा घेतला. त्याच ब्रॅकलीतून २०१४ ते २०२१ अशी सलग आठ सांघिक विजेतेपदे आली. विक्रमांच्या यादीत ब्रॉन या नावापुढे १७ शर्यती, ८ विजय आणि दोन विजेतेपदे आहेत. होंडाच्या नावापुढे या गाडीचा एकही विजय नाही.