घराच्या नूतनीकरणातील विद्युतकामाचे मूल्यनिर्धारण : ‘पॉइंट’ या एककाचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : महाराष्ट्र)

प्रस्तावना :

भारतातील विद्युतीकरणाचा इतिहास प्रामुख्याने वीजनिर्मिती केंद्रे, धरणे, कायदे आणि वीज मंडळे यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. वीज ग्राहकाच्या मीटरपर्यंत कशी पोहोचली याची नोंद त्यात सापडते. मात्र मीटरच्या पुढे, घराच्या भिंतींमधून ती कशी फिरली, ते काम कोणी केले व त्याचे मोल कसे ठरले, हा भाग बहुतांशी दुर्लक्षित राहिला आहे. घराचे नूतनीकरण काढणारे कुटुंब आणि वायरमन यांच्यात आजही पहिला प्रश्न ‘पॉइंटचा काय भाव?’ हाच असतो. दिवा, पंखा वा प्लग यांपैकी एकाची सोय म्हणजे एक पॉइंट, अशी या शब्दाची रूढ समजूत आहे. हे एकक कोठून आले, ते कोणत्या परिस्थितीत योग्य होते आणि नूतनीकरणाच्या कामात ते अपुरे का पडते, याचा विचार प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे. हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. भिंतीआड झाकले जाणारे काम किमतीत दिसत नसेल तर त्याचा परिणाम घरातील माणसांच्या सुरक्षिततेवर आणि कारागिराच्या श्रममूल्यावर होतो.

उद्दिष्टे :

१. घरगुती वायरिंगच्या पद्धतींमधील स्थित्यंतरांचा आढावा घेणे.
२. ‘पॉइंट’ या एककाचे शासकीय व खाजगी व्यवहारातील स्वरूप तपासणे.
३. नूतनीकरणाच्या कामातील मूल्यनिर्धारणाच्या अडचणींची ऐतिहासिक कारणे शोधणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विद्युतविषयक कायदे व नियम, भारतीय मानके, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचींची रचना आणि व्यवसायातील रूढ परिभाषा यांच्या आधारे विवेचन केले आहे.

विषय विवेचन :

१. दिवा हेच एकक

मुंबईत १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनी उजळले, पण तो प्रयोग टिकला नाही. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीची स्थापना झाली, १९०७ मध्ये विजेवरील ट्राम धावली आणि १९१५ मध्ये खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. १९०३ व त्यानंतर १९१० च्या भारतीय विद्युत कायद्याने या व्यवसायाला कायदेशीर चौकट दिली.

या काळात घरातील वीज म्हणजे प्रामुख्याने दिवा आणि ऐपत असल्यास पंखा. एका दिव्याला एक बटण, एक छतगुलाब आणि त्यांना जोडणारी तार एवढेच काम असल्याने दिव्यांची संख्या मोजली की कामाचे मोजमाप होत असे. ब्रिटनमधील विद्युतव्यवसायातही दर पॉइंटमागे भाव सांगण्याची प्रथा होती. तीच परिभाषा येथे आली व मराठीत हा शब्द भाषांतराविना रुळला.

हे एकक पुढे शासकीय योजनांतही दिसते. १९८८-८९ मध्ये सुरू झालेल्या कुटीर ज्योती योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एका दिव्याची, म्हणजे एकाच पॉइंटची जोडणी दिली जात असे. विजेचा लाभ मोजण्याचे किमान मापही पॉइंट हेच ठरले.

२. वायरिंगच्या पद्धती आणि दिसणारे काम

प्रारंभीच्या वायरिंगमध्ये रबराचे वेष्टन असलेल्या तारा लाकडी केसिंग-कॅपिंगमधून नेल्या जात. पुढे सागवानी पट्टीवर क्लिपांनी तार बसविण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली; वायरमन तिला ‘पट्टी फिटिंग’ किंवा ‘बॅटन’ म्हणत. या दोन्ही पद्धतींचे एक वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. झालेले काम भिंतीवर उघडे दिसत असे. पट्टी सरळ आहे की नाही, क्लिपा किती अंतरावर आहेत, सांधा कोठे आहे, हे घरमालकालाही पाहता येई. किंमत पॉइंटवर ठरली तरी कामाचा दर्जा डोळ्यांना पडताळता येत होता.

पीव्हीसी वेष्टनाच्या तारांनी रबराची जागा घेतली आणि कालांतराने भिंतीत नळी पुरून केलेले ‘कन्सील्ड’ वायरिंग प्रतिष्ठेचे मानले जाऊ लागले. तांब्याच्या टंचाईमुळे मधल्या काही दशकांत घरगुती वायरिंगमध्ये ॲल्युमिनियमच्या तारा मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. ॲल्युमिनियमची विद्युतरोधकता तांब्याच्या सुमारे १.६ पट असते आणि त्याचे सांधे कालांतराने सैल पडून तापण्याची शक्यता अधिक असते. त्या काळातील इमारतींचे नूतनीकरण करताना भिंतीत कोणती तार आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही. काम भिंतीआड गेले, परंतु ते मोजण्याची रीत पट्टीच्या काळातीलच राहिली.

३. शासकीय दरसूची : व्याख्येसह एकक

सार्वजनिक बांधकाम खात्यात विद्युतकामांची अंदाजपत्रके दरसूचीनुसार तयार होतात. महाराष्ट्रात ‘बी-१’ नमुन्याच्या निविदेत कंत्राटदार अंदाजपत्रकाच्या रकमेपेक्षा किती टक्के कमी वा जास्त दराने काम करील ते नमूद करतो, तर ‘बी-२’ नमुन्यात बाबनिहाय दर भरतो. येथेही पॉइंट हे एकक आहे. मात्र ते व्याख्येसह आहे. तारेचा आकार, नळीचा प्रकार, बटण, पेटी, अर्थिंगची तार यांतील काय काय एका पॉइंटमध्ये समाविष्ट आहे हे बाबीच्या वर्णनात लिहिलेले असते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत तर पॉइंटचे लांबीनुसार गट पाडलेले आहेत. काम मोजमाप पुस्तिकेत नोंदले जाते आणि चाचणीनंतर देयक निघते.

याचा अर्थ असा की शासकीय व्यवहारात ‘पॉइंट’ हा संक्षेप आहे. त्यामागे मानक, मोजमाप आणि चाचणी अशी तिहेरी व्यवस्था उभी आहे. खाजगी घरकामात शब्द तोच राहिला, परंतु ही व्यवस्था त्याच्यासोबत आली नाही. दोन वायरमननी सांगितलेले दोन भाव एकाच वस्तूचे आहेत असे ग्राहक गृहीत धरतो. प्रत्यक्षात एकाच्या भावात स्वतंत्र अर्थिंगची तार असते, तर दुसऱ्याच्या भावात ती नसते.

४. नूतनीकरण : सरासरी मोडण्याची प्रक्रिया

पॉइंटच्या दरामागे सरासरीचे तत्त्व आहे. बटणापासून दिवा तीन मीटरवर असो की नऊ मीटरवर, दोन्ही एकच पॉइंट. नवीन इमारतीत शेकडो पॉइंट असतात, त्यामुळे जवळचे व दूरचे एकमेकांची भरपाई करतात. नूतनीकरणात मात्र चार-सहा पॉइंट वाढवायचे असतात आणि ते बहुधा जुन्या बोर्डापासून दूरच्या भिंतीवरच हवे असतात. तेथे सरासरीचा आधार उरत नाही.

दुसरी बाब भिंतीची. नव्या विटांच्या भिंतीत गिलाव्यापूर्वी नळी टाकणे वेगळे आणि राहत्या घरात रंगवलेली भिंत फोडणे वेगळे. जुन्या वाड्याची माती-विटांची जाड भिंत, चाळीतील लाकडी पार्टिशन आणि आधुनिक इमारतीतील काँक्रीटची भिंत यांना लागणारे श्रम सारखे नाहीत. खाच पाडणे, राडारोडा उचलणे, जुनी तार काढणे, खाच बुजवून गिलावा करणे ही कामे वायरमनची, गवंड्याची की रंगाऱ्याची, हा वाद प्रत्येक नूतनीकरणात उद्भवतो. कारण पॉइंट या शब्दात त्यांना जागाच नाही.

तिसरी बाब विजेच्या भाराची. दिवे व पंख्यांच्या एका उपमंडलावर जास्तीत जास्त १० पॉइंट किंवा ८०० वॅट, यांपैकी जे कमी असेल ते, अशी मर्यादा बांधकाम खात्याच्या विनिर्देशांत रूढ आहे. ६० वॅटच्या बल्बच्या काळात १० दिवे म्हणजे ६०० वॅट होत. ९ वॅटचे १० एलईडी दिवे म्हणजे केवळ ९० वॅट. याउलट २ किलोवॅटचा एकच गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. पाच व पंधरा अँपिअरच्या प्लगांतील भेदामुळे ‘पॉवर पॉइंट’चा भाव वेगळा धरण्याची रीत पडली, हे खरे, परंतु त्या पॉइंटसाठी मुख्य पेटीपासून स्वतंत्र तार आणली की जवळच्या बोर्डातून जोड घेतला, हे पॉइंटची संख्या सांगत नाही. दिव्यांच्या संख्येवरून भार ओळखण्याचा काळ मागे पडला, तरी किंमत मात्र संख्येलाच बांधलेली राहिली.

५. कायद्याची नजर आणि भाडेकरूचे घर

भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ४५ नुसार विद्युतमांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराने व सक्षमता प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली करणे आवश्यक होते. दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांची मांडणीची क्षमता वा स्वरूप न बदलणारी अदलाबदल तेवढी यातून वगळली होती. म्हणजेच नूतनीकरणातील बहुतेक कामे नियमाच्या कक्षेत येत होती. परंतु नियम ४७ नुसार पुरवठादाराने मांडणीची तपासणी करण्याचे प्रसंग होते ते नवीन वा वाढीव पुरवठ्याच्या अर्जाचे आणि सहा महिन्यांच्या खंडानंतरच्या पुनर्जोडणीचे. चालू मीटरमागे भिंती फोडून केलेले काम यांपैकी कोणत्याही प्रसंगात बसत नव्हते. गळती प्रवाह तोडणाऱ्या उपकरणाची सक्ती करणाऱ्या नियम ६१-अ मध्येही ५ किलोवॅटखालील लहान मांडणी वगळलेली होती. २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनी व पुढे २०२३ च्या विनियमांनी जुन्या नियमांची जागा घेतली. तथापि घरमालकाने अहवाल मागितल्याविना चाचणी न होण्याची रीत समाजात खोल रुजली होती.

महाराष्ट्रातील शहरांत याला भाडेनियंत्रणाची जोड मिळाली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधली. मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही आणि भाडेकरूंनी गरजेनुसार आपापल्या खोलीपुरती वायरिंगमध्ये भर घातली. १९६९ च्या कायद्याने मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन झाले. त्याचा भर मात्र इमारतीच्या सांगाड्यावर होता. त्यामुळे एकाच चाळीत तीन पिढ्यांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या आढळतात. दुसरीकडे १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने बांधकाम व्यावसायिकावर सोयी व जोडसाहित्य उघड करण्याचे बंधन घातले. सुखसोयींच्या यादीत ‘प्रत्येक खोलीत इतके पॉइंट’ असे लिहिले जाऊ लागले. तारेचा आकार वा अर्थिंगचा दर्जा यांपेक्षा संख्या हीच संपन्नतेची खूण बनली.

६. उक्ते काम, मजुरी आणि हितसंबंध

खाजगी व्यवहारात मूल्यनिर्धारणाच्या दोन रीती प्रचलित आहेत : मालासह उक्ते काम आणि केवळ मजुरी. पहिल्या रीतीत पॉइंटचा भाव आधी ठरल्याने माल जितका हलका तितका कंत्राटदाराचा लाभ अधिक. २.५ चौरस मिलिमीटरऐवजी १.५ ची तार वापरली तर तांबे चाळीस टक्क्यांनी कमी लागते आणि गिलावा झाल्यावर हा फरक कोणालाही दिसत नाही. दुसऱ्या रीतीत मजुरीचा भाव स्पर्धेमुळे इतका खाली येतो की ती तूट मालाच्या दुकानातील कमिशनातून भरून काढण्याचा मोह निर्माण होतो. अशा वेळी गरजेपेक्षा अधिक माल मागविला जातो. दोन्ही रीतींत ग्राहक फसवणुकीचा संशय घेतो आणि वायरमन आपल्या कामाची किंमत होत नाही अशी तक्रार करतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

वायरमनच्या कामातील सर्वांत कौशल्याचा भाग म्हणजे जुन्या मांडणीतील दोष शोधणे, भाराचा हिशेब मांडणे, उपमंडले विभागणे व शेवटी चाचणी घेणे. यांपैकी एकाही बाबीतून पॉइंट वाढत नाही. १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची उभारणी झाली आणि प्रशिक्षित वायरमन व विद्युत कारागीर तयार झाले. त्यांच्या प्रशिक्षणात चाचणीला स्थान आहे, बाजारभावात नाही. परिणामी चाचणी घेणारा प्रामाणिक कारागीर महाग ठरतो आणि न घेणाऱ्यास काम मिळते.

निष्कर्ष :

१. पॉइंट हे एकक दिवा व पंख्याच्या काळात उचित होते. कारण त्या वेळी संख्या, भार व श्रम यांचे प्रमाण बऱ्याच अंशी समान होते.

२. शासकीय दरसूचीत हे एकक व्याख्या, मोजमाप व चाचणी यांसह वापरले गेले. खाजगी व्यवहारात केवळ शब्द पोहोचला. मूल्यनिर्धारणातील बहुतेक वादांचे मूळ या विभक्ततेत आहे.

३. वायरिंग भिंतीआड गेल्याने ग्राहकाची डोळ्यांनी पडताळणी करण्याची क्षमता संपली. तिची जागा घेणारी तपासणी नूतनीकरणाच्या कामास लागू झाली नाही.

४. नूतनीकरणाचे अंदाजपत्रक पॉइंटसोबतच स्वतंत्र बाबींत मांडणे आवश्यक आहे : मुख्य पेटी व उपमंडले, तारेची लांबी व आकार, अर्थिंग, भिंतीची फोड व भरणी, जुनी तार काढणे आणि चाचणी. चाचणीला स्वतंत्र दर मिळाला तरच ती प्रत्यक्षात घेतली जाईल.

५. घरगुती विद्युतीकरणाचा सामाजिक इतिहास लिहिताना मीटरपुढील कामाची परिभाषा हेही महत्त्वाचे साधन मानले पाहिजे. एखाद्या समाजाने कोणते श्रम मोजले व कोणते न मोजता भिंतीत पुरले, याची साक्ष त्याच्या दरांच्या एककांतून मिळते.